विश्लेषण : मे महिन्यात ठाणे, कल्याण-डोंबिवलीचे हवामान एवढे लहरी का?

दुपारी अंगातून घामाच्या धारा, चारच्या सुमारास पूर्वेला दाटून आलेले ढग, पाठोपाठ धुळीचे लोट, जेमतेम अर्धा तास पाऊस आणि नंतर रात्रभर उकाडा. मे महिन्यातील हा क्रम ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूरच्या रहिवाशांना नवा नाही. मात्र १३ मे २०२४ च्या धुळीच्या वादळात घाटकोपर येथे महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. लागोपाठच्या या दोन वर्षांनंतर ‘वळीव आहे, येईल आणि जाईल’ असे म्हणून मे महिन्यातील अंदाजाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे राहिलेले नाही.

वादळ समुद्रातून येते की डोंगरातून?

मुंबई परिसरात पाऊस समुद्राकडून येतो, हा समज जून ते सप्टेंबरपुरता बरोबर आहे. मे महिन्यातील वादळी पाऊस बहुतेक वेळा उलट दिशेने, म्हणजे सह्याद्रीकडून येतो. दिवसभर तापलेल्या घाटमाथ्यावर आणि मुरबाड, कर्जतच्या पट्ट्यात गरम हवा वर चढते. दुपारी आत शिरलेले खारे वारे तिला बाष्प पुरवतात. त्या वेळी वरच्या थरात वारे पूर्वेकडून वाहत असतील, तर तयार झालेले ढग किनाऱ्याच्या दिशेने ढकलले जातात. त्यामुळे मुरबाड, बदलापूर, अंबरनाथ, मग कल्याण-डोंबिवली, त्यानंतर ठाणे आणि शेवटी मुंबई अशी या वादळांची वाटचाल अनेकदा दिसते.

पावसाआधी धूळ का उडते, याचे उत्तरही या ढगातच आहे. ढगातून पाऊस पडू लागला की त्याच्यासोबत थंड, जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीला टेकल्यावर चहूबाजूंना पसरते. ही हवा पावसाच्या पुढे धावते. वाटेत मोकळी मैदाने, बांधकामांची माती, खोदलेले रस्ते असतील तर धुळीची भिंतच उभी राहते. रस्ते, मेट्रो आणि गृहसंकुलांची कामे एकाच वेळी सुरू असलेल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात या धुळीला तोटा नाही.

डोंबिवली भाजून निघत असताना मुंबईचे तापमान ३४ अंश कसे?

मुंबईचे तापमान म्हणून जे आकडे सांगितले जातात ते कुलाबा आणि सांताक्रूझ येथील वेधशाळांचे असतात. दोन्ही ठिकाणे समुद्राजवळ आहेत आणि दुपारचे खारे वारे तिथे लवकर पोहोचतात. ठाणे शहर येऊरच्या डोंगराआड आहे. कल्याण-डोंबिवली त्याहून आत, पारसिकच्या डोंगरापलीकडे आहे. वारे तिथे पोहोचतात ते उशिरा आणि तापून. त्यामुळे हौशी हवामान निरीक्षकांच्या नोंदींत कल्याण, बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडत असताना सांताक्रूझचा पारा पाच-सहा अंशांनी खाली असू शकतो.

हा फरक केवळ कुतूहलाचा नाही. किनारपट्टीवरील केंद्रात कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी अधिक असेल तर उष्णतेची लाट मानली जाते. सपाट प्रदेशासाठी ही मर्यादा ४० अंश आहे. कल्याण-डोंबिवलीला यातील कोणता निकष लावायचा, हा प्रश्नच आहे. कागदावर किनारपट्टीचा जिल्हा, प्रत्यक्षात दुपार मात्र देशावरची आणि तीही दमट.

२०२५ मध्ये वेगळे काय घडले?

त्या वर्षी ६ मेच्या संध्याकाळपासूनच मुंबई, ठाण्यात वादळी वाऱ्यांसह पाऊस सुरू झाला. पुढे कोकण-गोवा किनाऱ्यालगत अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, ते तीव्र होऊन २४ मे रोजी रत्नागिरी-दापोलीदरम्यान किनारा ओलांडून आत आले. मोसमी पाऊस त्याच दिवशी केरळात आणि दोनच दिवसांत मुंबईत पोहोचला. मुंबईतील त्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. कुलाब्यात १९१८ चा मे महिन्यातील पावसाचा विक्रम मोडला.

पण त्यानंतर मोसमी वाऱ्यांची वाटचाल थबकली आणि जूनच्या मध्यापर्यंत रखडली. लवकर आलेला पाऊस म्हणजे चांगला पाऊसकाळ, असा अर्थ काढणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत झाली. वळवाच्या सरी असोत वा लवकर आलेला मोसमी पाऊस, दोन्हींवरून जूनचा हिशेब मांडता येत नाही.

अंदाज मोघम का वाटतो?

‘ठाणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे’ हे वाक्य मे महिन्यात इतक्यांदा येते की वाचणारा ते वाचेनासा होतो. त्यात हवामान विभागाचा दोष थोडा आणि भूगोलाचा जास्त आहे. एक गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि त्याचे आयुष्य तास-दोन तासांचे. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटीत अंदाज देते. आधीची चौकट १२ किलोमीटरची होती. सुधारणा मोठी आहे, तरी डोंबिवली पूर्वेला पाऊस आणि पश्चिमेला कोरडे, हे आदल्या दिवशी सांगणे तिच्याही आवाक्याबाहेरचे आहे.

खरी अडचण इशाऱ्याच्या एककात आहे. पिवळा, नारिंगी वा लाल रंग साऱ्या जिल्ह्याला दिला जातो. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला तरी मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यापासून माळशेजच्या पायथ्यापर्यंतचा प्रदेश एकाच जिल्ह्यात आहे. या दोन टोकांचे हवामान मे महिन्यात क्वचितच सारखे असते. म्हणून या काळात पाच दिवसांच्या अंदाजापेक्षा रडारवर आधारित पुढील तीन तासांचा तात्काळ इशारा अधिक कामाचा. विजांसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ अॅप आहे.

तलाव आणि धरणांना दिलासा मिळतो का?

फारसा नाही. तलावांचे शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात मासुंदा, उपवन, कचराळीसारखे तलाव मे महिन्यात उथळ आणि कोमट झालेले असतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्यात पहिल्या जोरदार सरीने रस्त्यावरची घाण तलावात आणली की मासे मरण्याची भीती वाढते. असे प्रकार शहरात यापूर्वी घडले आहेत.

पिण्याच्या पाण्याचे तर सारे गणितच वेगळे. ठाणे किंवा कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे स्वतःचे धरण नाही. भातसा, बारवी आणि उल्हास नदीवर ही शहरे अवलंबून आहेत. काळू आणि शाई धरणांचे प्रकल्प वर्षानुवर्षे रखडले आहेत. तापलेली जमीन वळवाचे पाणी शोषून घेते, त्यामुळे धरणाच्या साठ्यात भर नगण्य पडते. भातसा, तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तेथील पाडे त्याच महिन्यात टँकरची वाट पाहत असतात.

फटका कोणाला बसतो?

सर्वात आधी रेल्वे प्रवाशांना. १३ मे २०२४ रोजी ठाणे-मुलुंडदरम्यान ओव्हरहेड वायरचा खांब वाकला आणि संध्याकाळी घरी निघालेल्या नोकरदारांची मध्य रेल्वे विस्कळीत झाली. झाडे पडणे आणि वीज जाणे हे नेहमीचेच. घाटकोपरचा फलक १२० फूट लांब-रुंद होता, मर्यादा ४० फुटांची होती. त्यामुळे दोष केवळ वाऱ्याला देता येत नाही. फलकांची तपासणी, फांद्यांची छाटणी आणि नालेसफाई यांसाठी पालिका ३१ मे ही मुदत गृहीत धरतात. वादळे मात्र त्याआधीच येतात.

ज्यांच्याविषयी कमी बोलले जाते ते भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या वीटभट्ट्यांवरचे मजूर. त्यांत कातकरी कुटुंबे मोठ्या संख्येने असतात. थापून वाळत घातलेल्या कच्च्या विटांवर अर्धा तास पाऊस पडला तरी त्यांचा चिखल होतो. मजुरी विटांच्या संख्येवर ठरते आणि हंगामाआधी घेतलेली उचल त्यातूनच फेडायची असते. भाताच्या राबाची भाजणी करून धूळवाफेच्या पेरणीच्या तयारीत असलेल्या शेतकऱ्याचीही गत तीच : जमीन भिजली की कोरड्या पेरणीची संधी हुकते आणि त्यानंतर २०२५ सारखा खंड पडला तर उगवलेली रोपे माना टाकतात.