पाहुणीने बघितलेला तुरुंग

हिरव्या शेतात एक बाई विवस्त्र उभी आहे आणि पोकलेन तिच्या चहूबाजूंनी जमीन खणत चालला आहे. अर्ध्या तासाहून लांब चित्रफितीत ती जागची हलत नाही. शेवटी पायाखाली मातीचा चिंचोळा तुकडा तेवढा उरतो. ग्वाटेमालाच्या रेखिना होसे गालिंदो यांची ही ‘तिएर्रा’, २०१३ सालची.

त्याच वर्षी ग्वाटेमालात माजी हुकूमशहा रिओस माँट यांच्यावर इशिल या माया समाजाच्या वंशसंहाराचा खटला चालला. प्रेते पुरायला यंत्राने खड्डे कसे खणले, हे साक्षीदारांनी न्यायालयात सांगितले. त्या साक्षीतून हे काम उभे राहिले. रिओस माँट यांना ८० वर्षांची शिक्षा झाली, आणि दहाच दिवसांत घटनात्मक न्यायालयाने ती रद्दही केली. २००३ मध्ये हेच गृहस्थ अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा गालिंदो माणसाच्या रक्ताने भरलेल्या घमेल्यात पाय बुडवत याच न्यायालयापासून राष्ट्रीय राजवाड्यापर्यंत चालत गेल्या होत्या.

‘तिएर्रा’चे चित्रण मात्र फ्रान्समध्ये झाले, निर्मिती लुसी आणि होर्हे ओर्ता या कलाकार दांपत्याच्या स्टुडिओची. परक्या जागेत, परक्यांच्या मदतीने स्वदेशाची जखम मांडता येते, हे तर खरेच. पण गालिंदो यांचे मोठेपण त्याच्या पुढचे आहे. त्या यजमानांच्या घरातलेही बघतात.

२००८ मध्ये त्या टेक्सासच्या सॅन अँटोनियोत आर्टपेस या संस्थेच्या रेसिडेन्सीसाठी गेल्या. राहायला जागा, हाताशी पैसा, कामाला मोकळीक. त्याच राज्यातल्या टेलर गावी खासगी कंपनीच्या तुरुंगात आश्रय मागणारी कुटुंबे लेकरांसह डांबलेली होती. गालिंदो यांनी तुरुंगाची फिरती कोठडी भाड्याने आणली आणि नवरा व तान्ह्या मुलीसह त्या २४ तास तिच्यात राहिल्या. तान्हे मूल गजाआड बघणे असह्य होते, आणि ते असह्यच व्हायला हवे. पुढच्या वर्षी सरकारने तिथे कुटुंबे ठेवणे बंद केले. त्याचे श्रेय कलेला देणे अतिशयोक्ती ठरेल. वकील आणि कार्यकर्ते आधीपासून लढत होते.

पण पाहुण्या कलाकाराला आपल्याच राज्याचा तुरुंग मांडू देणे, हे त्या संस्थेचे मोठे काम. अनेक ठिकाणी रेसिडेन्सीच्या अर्जातच विषय आधी मंजूर करून घ्यावा लागतो. कलाकारांना बोलावणाऱ्यांनी ही अट काढून टाकावी.