आधी सगळं लोड, मग आवाज!

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. ऑडिओ अ‍ॅप लिहिताना अख्खी फाइल मेमरीत ओतायची आणि मगच प्ले करायची, ही आपल्या लोकांची लाडकी सवय. मला ती निव्वळ आळशीपणा वाटते.

वेब ऑडिओमध्ये डिकोडऑडिओडेटा नावाचं फंक्शन आहे. ट्युटोरियलमध्ये आधी तेच भेटतं आणि आपण शेवटपर्यंत तेच धरून बसतो. त्याला फाइल तुकड्यांनी देता येत नाही, पूर्णच लागते. मग प्रत्येक सँपल ४ बाइटचा होतो. ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ म्हणजे सेकंदाला ३,८४,००० बाइट. १२८ केबीपीएसची १० मिनिटांची एमपी३ असते साडेनऊ एमबीची, ती उलगडली की २३० एमबी! (एकट्या माणसाचं बोलणं स्टिरिओत का ठेवतात, देव जाणे. मोनो केलं तर इथेच निम्मं.) खुद्द स्पेसिफिकेशनच सांगतं की हा बफर साधारण मिनिटाच्या आतल्या आवाजांसाठी आहे, लांबलचक ऑडिओ स्ट्रीम करा. पण वाचतो कोण?

पुण्यात १२ जीबीच्या फोनवर हे खपून जातं. गडचिरोलीत, भामरागड-एटापल्लीकडे कुणाच्या हातात २ जीबीचा फोन असेल तर अ‍ॅप गुपचूप मरतं. आणि तिथे आवाज ही चैन नाही हो. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांच्या वर होते, तरी भाषा आठव्या अनुसूचीत नाही. जी भाषा लिहिण्या-वाचण्यापेक्षा बोलली-ऐकलीच जास्त जाते, तिच्यात तापाची नाहीतर रेशनची माहिती द्यायची तर ऐकवावीच लागणार.

शुभ्रांशु चौधरींनी २०१० मध्ये मध्य भारतातल्या आदिवासी भागासाठी सीजीनेट स्वरा सुरू केलं, तेही साध्या फोनवर. नंबर लावा, आपल्या भाषेत निरोप ठेवा, दुसऱ्यांचे ऐका. तो साधा फोन काय करतो? जीएसएममध्ये आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, तुकड्यात १६० सँपल. तुकडा आला, वाजवला, विसरला! आणि आपण मात्र स्मार्टफोनवर...

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, तिथे रेंज येते-जाते. स्ट्रीमिंग मध्येच तुटेल, म्हणून आधी सगळं घेतो." अर्धं मान्य. पण डाउनलोड वेगळं आणि डिकोड वेगळं, राव! फाइल पूर्ण उतरवून स्टोरेजमध्ये ठेवा, रेंज गेली तर रेंज रिक्वेस्टने (नाव बघा!) राहिलं तिथून पुढे घ्या. वाजवताना मात्र छोटा रिंग बफर: पुढून भरत जायचा, मागून रिकामा. एक-दोन सेकंदांचा पुरतो. बोलणं ओपसमध्ये १६ केबीपीएसला ठेवलंत तर तीच १० मिनिटं १.२ एमबीत बसतात.

गेममधल्या टिचकीच्या आवाजाला अख्खा बफर खुशाल वापरा, तिथे तो हवाच. पण सोमवारी टेस्टिंगला कुणी विचारलं "कुठला फोन घेऊ?" तर ड्रॉवरमधला जुना २ जीबीवाला काढून द्या.