फावला वेळ कोणाचा?

नव्या मनुष्याची ओळख करून घेताना आपण प्रथम त्याचे नाव विचारतो आणि लगेच, "आपण काय करता?" असा दुसरा प्रश्न करतो. उत्तरात नोकरी किंवा व्यवसाय सांगावयाचा, हे दोघांनाही ठाऊक असते. त्या कामाचे तास संपल्यावर, कोणी सांगितलेले नसताना तो काय करतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वस्तुतः मनुष्य अधिक स्पष्ट दिसतो तो याच उत्तरात, असे मला वाटते.

अशा उद्योगाला आपल्या भाषेने दिलेली नावे मोठी अर्थपूर्ण आहेत. 'छंद' म्हणजे काव्याचे वृत्त, आणि छंद म्हणजेच मनाची आवड. 'नाद' म्हणजे ध्वनी, आणि एखाद्या गोष्टीचे वेड लागले तर तोही नादच. परंतु 'छंदीफंदी' आणि 'नादी लागलेला' हे शब्दही याच भाषेतले. घरच्यांचे कौतुक आणि घरच्यांची काळजी, दोन्ही भाषेने शेजारी शेजारी ठेवली आहेत. त्या काळजीकडे आपण वळणारच आहोत. आधी कौतुकाविषयी बोलू.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ साली डहाणूस झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. संख्यांशी खेळणे हाच त्यांचा विसावा होता. वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या आणि चार अंकी एक संख्या लिहा. चारही अंक सारखे नसले म्हणजे झाले. समजा, ३५२४ घेतली. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तेच करा : ८७३० वजा ०३७८, उरले ८३५२. आणखी एकदा : ८५३२ वजा २३५८, उरले ६१७४. आता कितीही वेळा करा, उत्तर ६१७४ हेच येते. कोणतीही संख्या घेतली तरी सात पायऱ्यांच्या आत आपण या एकाच मुक्कामी पोहोचतो. आज जगभर ही संख्या 'कापरेकर स्थिरांक' म्हणून ओळखली जाते. एका रेल्वे स्थानकावर सुचलेल्या संख्यांना तर त्यांनी त्या स्थानकाचेच नाव दिले : डेम्लो संख्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्या कामाविषयी लिहिले, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती.

आता देवळालीहून चंडीगडला जाऊ. फाळणीत गाव सुटलेले नेकचंद तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांच्या देखरेखीचे काम करीत. नवे शहर उभे राहात होते आणि त्यासाठी जुनी खेडी पाडली जात होती. त्या पडझडीतून फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे, सायकलींचे मोडके भाग नेकचंद सायकलीवरून वाहून आणीत आणि सुखना तलावाजवळच्या राखीव रानात त्यांतून माणसे, पशू, पक्षी घडवीत. १९५७ च्या सुमारास सुरू झालेला हा उद्योग कित्येक वर्षे कोणाला कळलाही नव्हता. कळला तेव्हा विनापरवाना म्हणून तो जमीनदोस्त होण्याचीच भीती होती. परंतु लोकांनी उचलून धरल्यामुळे ती बाग वाचली आणि १९७६ साली सर्वांसाठी खुली झाली. आज देशभरातील कुटुंबे ते 'रॉक गार्डन' पाहावयास जातात.

पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. दिवे, अडकित्ते, कुलुपे, दौती अशा वापरातल्या वस्तू त्यांनी जमविल्या. ज्यांना इतिहासाच्या पुस्तकात सहसा जागा मिळत नाही, त्याच. अल्पवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी संग्रहालय उभारले आणि पुढे ते सारे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले.

या तिघांची आवड निराळी, प्रांत निराळे. तरीही एक गोष्ट समान आहे. इतरांनी बाजूला टाकलेली वस्तू त्यांनी उचलली. शाळेतली वजाबाकी, उकिरड्यावरची बांगडी, माळ्यावरचा जुना दिवा. मोठी साधने त्यांपैकी कोणापाशीही नव्हती. होता तो रोजचा थोडा वेळ, आणि तो वर्षानुवर्षे एकाच गोष्टीला देण्याची निष्ठा.

आणि येथेच ती काळजी पुढे येते. हे वाचून एखादी भगिनी म्हणेल, "सगळे खरे; पण हा रोजचा थोडा वेळ आणायचा कोठून?" प्रश्न रास्त आहे. छंद फुकट मिळत नाही. त्याची किंमत वेळात मोजावी लागते, आणि पुष्कळदा ती दुसऱ्याच कोणाच्या वेळातून वजा होते. केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे देत होत्या. असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांची नऊ. म्हणजे पाच वर्षांत दोघांमधील अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आले : अवघ्या एका मिनिटाने!

तरीही स्त्रियांच्या हातून निर्मिती थांबली नाही. वेळ मिळत नव्हता म्हणून त्यांनी ती कामातच मिसळली. जुन्या लुगड्यांच्या थरांतून महाराष्ट्रात गोधडी झाली, बंगालमध्ये कांथा झाला. मिथिलेतील स्त्रिया लग्नघराच्या भिंतींवर पिढ्यान्‌पिढ्या चित्रे काढीत आल्या. त्या कामाला छंद कोणी म्हटले नाही, कलाही म्हटले नाही. १९६६-६७ साली बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला मधुबनीस पाठविले. भिंतींवरची चित्रे कागदावर काढा, म्हणजे ती विकता येतील आणि चार पैसे मिळतील, असे त्यांनी तेथील स्त्रियांना सांगितले. जितवारपूरच्या जगदंबादेवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली. कला त्यांच्या हाती पूर्वीपासूनच होती. नवे होते ते इतकेच, की कोणीतरी कागद पुढे केला, आणि त्या कामाची किंमत झाली.

म्हणून छंदाची थोरवी गाताना मला एक लहानशी सूचना करावीशी वाटते. एक आठवडा घरातील प्रत्येकाचा दिवस तासागणिक लिहून पाहा. कोणाच्या रकान्यात रिकामा तास आहे आणि कोणाच्या नाही, हे कागदच सांगेल. मग तो तास वाटून घ्या. रात्रीची भांडी मुलाने घासली, सकाळचा डबा वडिलांनी भरला, तर आईला पेटी उघडता येईल, अर्धवट राहिलेले पुस्तक पुरे करता येईल, किंवा काहीही न करता गॅलरीत बसता येईल. तिने त्या वेळात काय केले, याचा हिशेब मात्र कोणी मागू नये. हिशेब द्यावा लागला की फावला वेळ फावला राहात नाही.

छंद जरूर जोपासा. कापरेकरांच्या संख्या मांडा, टाकाऊतून बाहुल्या करा, तिकिटे जमवा. फक्त त्यात रंगून गेलेले असताना मधेच एकदा मान वर करून पाहावे : या क्षणी आपल्या वाटचे काम घरात कोणाचे हात करीत आहेत?