पाच डॉलरची गिटार आणि पंधरा वर्षांची साथ

अमेरिकेत घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकायची पद्धत आहे. फ्लोरिडातल्या जॅक्सनविल शहरात नऊ वर्षांच्या एका मुलाने अशाच विक्रीतून पाच डॉलरला एक गिटार उचलली. अकराव्या वर्षी त्याला वाजवण्याचे पैसे मिळाले. तेरावं लागायच्या आत तो शिकागोच्या बडी गायसारख्या बुजुर्गासोबत वाजवून मोकळा झाला होता. या मुलाचं नाव डेरेक ट्रक्स. ब्लूज-रॉकच्या दुनियेत आज तो पहिल्या फळीतला गिटारवादक मानला जातो आणि त्याची ओळख करून देताना ही पाच डॉलरची गोष्ट हटकून सांगितली जाते. गोष्ट खरी आहे, पण तिच्यातून कारकिर्दीबद्दल फारसं काही कळत नाही. लवकर सुरुवात केलेल्या मुलाला पुढची तीस वर्षं टिकवतं ते काय, हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

ट्रक्स वयात येत होता तेव्हा अमेरिकेत गिटार वाजवणाऱ्या पोरांना मोठी मागणी होती. टेक्सासचा स्टीव्ही रे वॉन २७ ऑगस्ट १९९० रोजी हेलिकॉप्टर अपघातात गेला, तेव्हा तो अवघा पस्तीस वर्षांचा होता. ब्लूजला पुन्हा तरुण श्रोता मिळवून देणाऱ्या या वादकाची जागा रिकामी झाली आणि त्या जागेवर कोण बसणार याची चर्चा सुरू झाली. लुइझियानाच्या केनी वेन शेपर्डचा पहिला अल्बम १९९५ मध्ये आला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. नॉर्थ डकोटाचा जॉनी लँग १९९७ च्या जानेवारीत मोठ्या कंपनीच्या अल्बमवर झळकला, तेव्हा त्याला सोळावंही पुरतं लागलं नव्हतं. न्यूयॉर्क राज्यातल्या जो बोनामासाने तर बाराव्या वर्षीच बी. बी. किंगच्या कार्यक्रमांची सुरुवात करून दिली होती. पोरं गुणी होती, यात शंका नाही. मात्र जाहिरातीत त्यांच्या गुणाआधी त्यांचं वय यायचं. वयावर उभी केलेली जाहिरात दरवर्षी थोडी थोडी खोटी होत जाते, आणि विशीत पोहोचलेल्या वादकाला तोच आलाप वाजवून निम्म्या टाळ्या मिळतात.

ट्रक्सची गंमत अशी की लहानपणाची एक अडचणच त्याची खूण होऊन बसली. हात लहान, बोटं तोकडी. तारा दाबून सूर काढणं जड जायचं. म्हणून त्याने स्लाइड धरली. डाव्या हाताच्या बोटात काचेची नळी घालायची आणि ती तारांवरून नुसती सरकवायची. ऐकायला ही सोपी पळवाट वाटते. प्रत्यक्षात पडद्यांवर बोट दाबणाऱ्याला सूर आयता मिळतो. स्लाइडवाल्याला तो कानाने शोधावा लागतो. नळी केसभर मागेपुढे झाली की बेसूर. ट्रक्स उजव्या हातात पिकही घेत नाही, बोटांनीच छेडतो, आणि गिटार अशी जुळवतो की मोकळ्या तारा छेडल्या तरी पूर्ण ई मेजर वाजावा. या बाजात जलद बोटांच्या करामतीला फार वाव नाही. एक सूर किती वेळ धरायचा, कुठून आणायचा आणि कुठे सोडायचा, सगळी मदार त्यावर. पोराच्या वेगाला टाळ्या देणाऱ्या काळात त्याला विलंबित शिकावं लागलं, हे त्याच्या पथ्यावर पडलं.

स्लाइड धरताच दुसरं ओझं खांद्यावर आलं. डेरेकचे काका बुच ट्रक्स हे ऑलमन ब्रदर्स बँडच्या संस्थापक ड्रमवादकांपैकी एक. १९६९ मध्ये जॅक्सनविलमध्येच जमलेल्या या बँडचा प्राण होता ड्वेन ऑलमन, आणि ड्वेनची ओळख होती त्याची स्लाइड. २९ ऑक्टोबर १९७१ रोजी मोटरसायकलच्या अपघातात तो गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी एरिक क्लॅप्टनच्या ‘डेरेक अँड द डॉमिनोज’ या बँडने ‘लैला’ अल्बम काढला होता. त्यातली स्लाइड ड्वेनचीच, आणि पुतण्याचं डेरेक हे नाव आलं तेही त्याच बँडवरून. म्हणजे नाव, घराणं आणि वाद्याचा बाज, तिन्ही गोष्टी एका मृत वादकाकडे बोट दाखवणाऱ्या. असा मुलगा हुबेहूब नक्कल करून आयुष्यभर पोट भरू शकला असता. जुन्या श्रोत्यांना तेच हवं असतं.

त्यातून सुटायची वाट त्याला ब्लूजच्या बाहेर सापडली. उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदने तो भारावला आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल इथल्या त्यांच्या संगीत विद्यालयात शिकायलाही गेला. सरोदच्या पट्टीवर पडदे नसतात. बोट धातूवरून घसरतं आणि मींड सलग येते. स्लाइड वाजवणाऱ्याला यातलं मर्म समजावून सांगावं लागत नाही. ‘जॉयफुल नॉइज’ या २००२ च्या अल्बमवर राहत फतेह अली खाँ त्याच्यासोबत गायले आणि २००६ च्या ‘साँगलाइन्स’मध्ये नुसरत फतेह अली खाँ यांच्या कव्वालीची रचना त्याच्या बँडने वाजवली. जॅक्सनविलच्या घरामागे बांधलेल्या स्टुडिओचं नाव त्याने ‘स्वॅम्प रागा’ ठेवलं. पाश्चात्त्य वादकांनी भारतीय संगीताचा अत्तराच्या फायासारखा वापर केल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. ट्रक्सच्या वाजवण्यात सतार किंवा तबल्याचा देखावा नसतो. सूर गाठण्याची त्याची रीत तेवढी बदललेली ऐकू येते.

आता मुख्य मुद्दा. १९९४ पासून ट्रक्सचा स्वतःच्या नावाचा बँड होता. तरीही १९९९ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, तो ऑलमन ब्रदर्समध्ये रुजू झाला आणि २०१४ पर्यंत तिथेच राहिला. गुरूच्या मागे तंबोरा धरून बसलेला शिष्य गाणं आतून ऐकतो, तशी ही पंधरा वर्षं होती. ड्वेनचा भाऊ ग्रेग ऑलमन याचा आवाज, दोन ड्रम, शेजारी वॉरन हेन्ससारखा तगडा गिटारवादक. इथे आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, दुसऱ्याच्या वाक्याला जोड द्यायची आणि रात्रभरातून काही मिनिटं आपली म्हणून घ्यायची. लवकर सुरुवात करण्याची खरी कमाई हीच असावी. ज्या वयात इतर जण कारकीर्द सुरू करायला धडपडतात, त्या वयात याला पुन्हा शिकाऊ व्हायला सवड होती.

काकाच्या बँडमध्ये पुतण्याला जागा मिळाली, त्यात कौतुक ते काय, असं कुणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. दार आडनावाने उघडलं. मात्र आडनावाच्या जोरावर आत टिकता येत नाही याचा दाखला त्याच दशकात मिळतो. बोनामासा किशोरवयात ‘ब्लडलाइन’ नावाच्या बँडमध्ये होता. त्यात माइल्स डेव्हिसचा मुलगा, ‘द डोअर्स’च्या रॉबी क्रीगरचा मुलगा आणि ऑलमन ब्रदर्सच्याच बेसवादकाचा, बेरी ओकलीचा मुलगा होता. १९९४ मध्ये एक अल्बम आला आणि बँड विरला. त्या चमूतून पुढे सगळ्यांत मोठा झाला तो, ज्याचा बाप प्रसिद्ध संगीतकार नव्हता.

बोनामासाचा मार्ग मात्र ट्रक्सच्या उलट होता. २००० साली त्याचा पहिला एकल अल्बम आला, निर्माता टॉम डाउड. ‘लैला’ आणि ऑलमन ब्रदर्सचे गाजलेले अल्बम घडवणारा हाच माणूस. पुढे बोनामासाने व्यवस्थापक रॉय वाइसमन याच्यासोबत स्वतःची कंपनी काढली. अल्बम कंपनीचे, कार्यक्रमही कंपनीच आखणार. ४ मे २००९ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्यासोबत वाजवायला क्लॅप्टन स्वतः आला. बोनामासावर हिशेबीपणाचा आरोप करणारे आहेत. पण बाराव्या वर्षी चर्चेत आलेला मुलगा आपला कारभार आपल्या हाती ठेवतो, यात वावगं काही नाही. उलट अशा मुलांच्या बाबतीत ते विरळाच. तरीही संगीताच्या अंगाने तोलायचं झालं तर पारडं ट्रक्सकडे झुकतं. बोनामासाने मंच कमावला. ट्रक्सने मंचावरच्या इतरांना ऐकण्याची सवय कमावली.

ती सवय २००६ मध्ये कसाला लागली. क्लॅप्टनने त्याला आपल्या जागतिक दौऱ्यावर बोलावलं. त्या वर्षी तो स्वतःचा बँड, ऑलमन ब्रदर्स आणि क्लॅप्टन असा तिन्हीकडे वाजवत होता. दौऱ्यात ‘लैला’ अल्बममधली गाणी होती आणि ड्वेनचा भाग आता डेरेककडे होता, तोही खुद्द क्लॅप्टनच्या शेजारी उभं राहून. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या शंभर श्रेष्ठ गिटारवादकांच्या यादीत २००३ मध्ये तो ८१ वा होता. २०११ च्या यादीत १६ वा. अशा याद्यांना किती मान द्यायचा हे ज्याने त्याने ठरवावं, पण मधल्या आठ वर्षांत त्याच्या वयाचं कौतुक ओसरत गेलं होतं आणि क्रमांक वर सरकत होता, एवढी नोंद घ्यायला हरकत नाही.

२०१० च्या सुरुवातीला ‘ऑलरेडी फ्री’ या अल्बमसाठी डेरेक ट्रक्स बँडला ग्रॅमी मिळालं. व्यवहार सांगतो की अशा वेळी नाव आणखी ठळक छापावं. ट्रक्सने त्याच वर्षी तो बँड थांबवला आणि पत्नी सुझन टेडेस्की हिच्यासोबत नवा काढला. त्याच्या नावात तिचं आडनाव आधी येतं, गातेही तीच. टेडेस्की स्वतः गिटार वाजवणारी, ब्लूजमध्ये आपलं नाव कमावलेली गायिका. बँडमध्ये दोन ड्रम, ब्रास, कोरस धरून डझनभर माणसं. एवढा ताफा गावोगाव फिरवणं म्हणजे खर्चाचं काम. जुन्या बँडचा मुख्य गायक माइक मॅटिसन नव्या बँडमध्ये कोरसमध्ये जाऊन उभा राहिला. ‘रेव्हलेटर’ या त्यांच्या पहिल्याच अल्बमला २०१२ मध्ये ग्रॅमी मिळालं.

कोरोनाच्या टाळेबंदीत याच मॅटिसनने सगळ्यांना फारसी कवी निजामीचं ‘लैला-मजनू’ वाचायला सुचवलं. क्लॅप्टनच्या ‘लैला’मागेही तीच कथा होती, पण तिथे बोलणारा पुरुष होता; लैलाला काय वाटलं असेल, हे विचारायचं राहून गेलं होतं. त्यातून २०२२ च्या उन्हाळ्यात ‘आय ॲम द मून’ या नावाखाली चार अल्बम आणि २४ गाणी आली. ती रचण्यात बँडमधल्या अनेकांचा हात होता. डेरेक ट्रक्स त्यांत गात नाही.