मदरबोर्डला घर शोधताना

आजची गोष्ट एका यादीची आहे.

माझी भाची नागपूरला राहते. यंदा तिची बारावी झाली. तिला ॲनिमेशनचं भारी वेड. एका मिनिटाची चित्रफीत तयार करायची तर घरातला जुना संगणक रात्रभर घरघरत बसतो आणि सकाळी बघावं तर मध्येच बंद पडलेला! तिच्या बाबांनी गेली तीन वर्षं बँकेत दरमहा आरडी भरली होती. ती सुटली आणि लगेच मला फोन आला, “मामा, पैसे आले! आपण असेम्बल्ड पीसी करायचा. यादी केलीय मी. बघशील का?”

यादी बघितली. पहिल्या नंबरवर दुकानातला जवळजवळ सगळ्यांत महागडा मदरबोर्ड. दुसऱ्या नंबरवर पुढून काच, बाजूने काच आणि आत रंगीबेरंगी दिवे असलेलं कॅबिनेट. या दोघांतच एवढे पैसे गेले होते, की रॅमसाठी जेमतेम १६ जीबीपुरते उरले होते. आणि खरी गंमत तर पुढेच आहे. तो मदरबोर्ड त्या कॅबिनेटमध्ये मावतच नव्हता!

हसलात ना? हसू नका. मी याहून मोठा घोटाळा केलेला आहे. तो शेवटी सांगतो. आधी यादी दुरुस्त करू या.

काम कोणाचं?

आपण सगळेच टेबलाखालच्या त्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतो. ते चूक आहे बरं का. सीपीयू म्हणजे प्रोसेसर, तळहातावर सहज मावेल एवढी चकती. डबा म्हणजे कॅबिनेट. आणि डब्यात उभा स्क्रूने बसवलेला मोठा पत्रा, ज्यात प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड सगळं खोचलं जातं, तो मदरबोर्ड.

आता नीट लक्ष द्या. आकडेमोड प्रोसेसर करतो. चित्रं ग्राफिक्स कार्ड रंगवतं. मदरबोर्ड आणि कॅबिनेट स्वतः यातलं काहीच करत नाहीत. ते दुसऱ्यांना काम करू देतात. तोच प्रोसेसर मध्यम किमतीच्या चांगल्या बोर्डावर बसवा, नाहीतर दुप्पट किमतीच्या बोर्डावर. वेगात फारसा फरक पडत नाही. मात्र बोर्ड अगदीच कच्चा असेल, किंवा कॅबिनेटमध्ये हवा खेळत नसेल, तर महागडा प्रोसेसरसुद्धा धापा टाकायला लागतो.

म्हणून या दोघांची निवड करताना चारच प्रश्न विचारायचे: वीज पुरेल का? रस्ते पुरतील का? मावेल का? आणि हवा खेळेल का?

वीज पुरेल का?

हा प्रश्न मदरबोर्डला. एसएमपीएसमधून प्रोसेसरसाठी येणारी वीज १२ व्होल्टची असते. प्रोसेसरला मात्र सव्वा व्होल्टच्या आसपासच लागते. हे रूपांतर मदरबोर्ड करतो.

चला, शाळेतलं गणित करू. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. प्रोसेसर १२० वॅट घेतोय आणि व्होल्ट आहेत १.२. म्हणजे अँपिअर किती? १२० भागिले १.२, म्हणजे चक्क १००! घरातला ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर जेमतेम सव्वादोन अँपिअर घेतो. गिझरच्या मोठ्या सॉकेटची मर्यादाही १६ अँपिअरच. आणि इथे १०० अँपिअर, तेही तांब्याच्या बोटभर वाटेने! ताकदवान प्रोसेसर तर २०० वॅटच्याही वर जातात.

हा भार एकाच वाटेने पेलणार नाही. म्हणून बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी छोट्या छोट्या तुकड्या असतात. त्यांना ‘फेज’ म्हणतात. पालखीचे खांदेकरी आलटून पालटून खांदा देतात ना, तशा या तुकड्या आळीपाळीने भार घेतात. खांदेकरी कमी असतील तर ते लवकर दमतात, म्हणजे तापतात. तापले की बोर्ड प्रोसेसरची वीज आखडती घेतो आणि तुमचं काम रेंगाळतं. म्हणून बोर्ड बघताना प्रोसेसरच्या कडेला या भागावर जाडसर धातूची पट्टी बसवली आहे का, ते बघा. खोक्यावरच्या फेजच्या आकड्याला मात्र भुलू नका. तो मोजण्याची प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी असते. तुमचाच प्रोसेसर त्या बोर्डावर तासभर पूर्ण ताकदीने चालवून कोणी तपासलं आहे का, ते शोधून वाचा.

रस्ते पुरतील का?

आधी दार बघू. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो त्याला सॉकेट म्हणतात. दार जुळलं नाही तर पाहुणा आत येणार कसा? इंटेलचं २०२१ सालचं सॉकेट एलजीए १७००. या नावातला आकडा म्हणजे त्यातल्या टोकांची संख्या! २०२४ मध्ये एलजीए १८५१ आलं आणि जुनं दार नव्या प्रोसेसरना बंद झालं. एएमडीचं एएम४ सॉकेट मात्र बरीच वर्षं टिकलं. २०१७ मध्ये घेतलेल्या अनेक बोर्डांवर, बायॉस नवं केल्यावर, २०२२ सालचा प्रोसेसरही चालला. त्याच वर्षी एएम५ आलं. तेव्हा बोर्ड घेताना विचारा, “तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलायचा झाला, तर हा बोर्ड चालेल का?”

रॅमचंही तसंच. डीडीआर४ आणि डीडीआर५ दिसायला सारख्याच, पण खालची खाच वेगळ्या जागी. एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जोर लावलात तर मोडेल! आणखी एक गोष्ट. बोर्डावर चार खाचा दिसल्या म्हणून चारही भरू नका. डीडीआर५च्या चार पट्ट्या बहुधा दोन पट्ट्यांपेक्षा सावकाश चालतात. ३२ जीबी हवी तर १६च्या दोन घ्या. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात.

आता रस्ते. ग्राफिक्स कार्डाच्या लांब खाचेत १६ पदरी रस्ता असतो. त्याच्या खाली तेवढ्याच लांबीची दुसरी खाच दिसते. तीही १६ पदरी असेल असं वाटतं ना? पुष्कळदा ती फक्त ४ पदरी असते. काही बोर्डांवर एक जादा एम.२ ड्राइव्ह लावला, की साटाची एक-दोन तोंडं गपचूप बंद होतात. मग मुलं म्हणतात, “जुनी हार्ड डिस्क बिघडली!” बिचारी बिघडलेली नसते.

हे सगळं कुठे लिहिलेलं असतं? बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत. ही पुस्तिका कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळते, तीसुद्धा बोर्ड विकत घेण्याच्या आधी. भाचीला मी पहिलं काम हेच दिलं. दोन दिवसांनी तिचा फोन आला, “मामा, त्या महागड्या बोर्डात तीन गोष्टी अशा आहेत, की मला त्या जन्मात लागणार नाहीत.” झालं! अर्धी यादी तिथेच दुरुस्त झाली.

मावेल का?

आता पट्टी घ्या. मदरबोर्डची मापं ठरलेली आहेत. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप जाहीर केलं: ३०५ बाय २४४ मिलिमीटर. स्क्रूची भोकं कुठे, मागच्या तोंडांची खिडकी कुठे, सगळं ठरवून दिलं. म्हणून तर आज एका कंपनीचा बोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. त्याहून लहान मायक्रो एटीएक्स, २४४ बाय २४४. त्याहूनही लहान मिनी आयटीएक्स, १७० बाय १७०. आणि एटीएक्सचा थोरला भाऊ ई-एटीएक्स, ३३० मिलिमीटरपर्यंत जाणारा. लहान बोर्ड बहुतेक मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो. उलट कधीच होत नाही. भाचीचा बोर्ड होता ई-एटीएक्स, आणि कॅबिनेट एटीएक्सपुरतं!

बोर्ड मावला म्हणजे झालं असं नाही. प्रोसेसरवरचा मोठा कूलर १६० मिलिमीटरच्या आसपास उंच असतो. कॅबिनेट अरुंद असेल तर बाजूचं झाकण लागत नाही. ग्राफिक्स कार्डाची लांबीही बघायची. एक गणित सोडवा बघू. कॅबिनेटवर लिहिलंय, ‘३५० मिमी लांबीचं कार्ड मावेल.’ तुमचं कार्ड ३०४ मिमीचं. पण पुढच्या बाजूला, आतून, तुम्ही पाण्याच्या कूलरचा २७ मिमी जाड रेडिएटर आणि त्यावर २५ मिमी जाड पंखा लावणार आहात. कार्ड बसेल का? (उत्तर शेवटी आहे. आधी बघायचं नाही हं!)

हवा खेळेल का?

हा प्रश्न कॅबिनेटला, आणि आपल्याकडे तो सगळ्यांत महत्त्वाचा. नागपूरचा मे महिना आठवा. बाहेर ४५ अंश. एसी नसलेल्या खोलीत ४० तरी असतातच. पंखा कितीही जोरात फिरवा, तो खोलीतलीच हवा आत ढकलणार. म्हणजे प्रोसेसरचा सामना ४० अंशांपासूनच सुरू होतो. बरेचसे आजचे प्रोसेसर ९५ ते १०० अंशांना पोचले, की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतात. पुढून अख्खी काच असेल, तर हवा येणार कुठून? बंद खिडकीसमोर टेबलफॅन लावल्यासारखंच ते!

म्हणून ताकदवान संगणकाला पुढून जाळीचं कॅबिनेट बरं. पुढचे दोन किंवा तीन पंखे हवा आत घेणारे, मागचा एक बाहेर टाकणारा. गरम हवा वर जाते, तेव्हा छतालाही जाळी हवी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा आणि पुढे धुता येणारी गाळणी बघून घ्या. मग धूळ फटीफटींतून शिरत नाही. पंख्याची दिशा कशी ओळखायची? ज्या बाजूला आडव्या दांड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

शेवटची सूचना घराची. संगणकाच्या टेबलातला तो बंद कप्पा आठवतोय? त्यात कॅबिनेट कोंबू नका. मागे चार बोटं तरी जागा सोडा. आणि काचेचं झाकण काढलं तर फरशीवर उभं टेकवू नका. कडक केलेल्या काचेची कड टाइलला नुसती टेकली, तरी क्षणात चुरा होऊ शकतो. सतरंजी घाला आणि त्यावर आडवी ठेवा.

आईबाबांसाठी दोन शब्द

स्वस्त कॅबिनेटसोबत कधीकधी एसएमपीएस ‘फुकट’ मिळतो. शक्तिशाली संगणकाला तो लावू नका. तिथे वाचवलेले पैसे सगळ्या यंत्राला महागात पडतात. घरातलं अर्थिंग तपासून घ्या. आणि मुलांनी यादी आणली, तर आधी एवढंच विचारा, “यावर काम कोणतं करणार?” उत्तर आलं की अर्धी निवड झालीच.

आता माझा घोटाळा

१९९८ साल. वडिलांनी मला संगणकासाठी पैसे दिले. सुटे भाग आणून मी घरीच जोडणी केली. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्ड थेट ठेवायचा नसतो. मध्ये पितळी स्टँडऑफ लावायचे असतात, बोर्डाच्या प्रत्येक भोकाखाली एक. मी उत्साहात एक जास्तीचा लावला. तो बोर्डाच्या मागच्या टाक्यांना टेकला. बटण दाबलं, आणि नवा कोरा बोर्ड गेला. वडील रागावले नाहीत. पुढच्या महिन्यात दुसरा बोर्ड आणला. त्या दिवाळीत त्यांनी स्वतःला कपडे घेतले नाहीत, हे मला बऱ्याच वर्षांनी आईकडून कळलं.

भाचीने मेमधल्या एका रविवारी जोडणी केली. मध्यम किमतीचा एटीएक्स बोर्ड, जाळीचं कॅबिनेट आणि वाचलेल्या पैशांत दुप्पट रॅम. मी फोनवर होतो. तिचे बाबा टॉर्च धरून शेजारी बसले होते. “भोकं किती?” मी विचारलं. “नऊ.” “स्टँडऑफ?” तिने मोजले. मग बाबांनी मोजले. “नऊच आहेत,” ते म्हणाले, “दोनदा मोजले.” मग तिने बटण दाबलं.

त्या रात्री तिची एका मिनिटाची चित्रफीत सगळ्यांचं जेवण होईपर्यंत तयार झाली होती.

या आठवड्याचा उद्योग: जुना पुठ्ठा घ्या आणि एटीएक्स, मायक्रो एटीएक्स आणि मिनी आयटीएक्स मापांचे तीन तुकडे कापा. एका कोपऱ्यात जुळवून एकावर एक ठेवा. मग घरातला एखादा खोका घ्या आणि त्याच्या तळाशी कोणता तुकडा आडवा मावतो, ते आधी डोळ्यांनी ओळखा, मग ठेवून बघा. अंदाज किती चुकला, ते वहीत लिहून ठेवा.

गणिताचं उत्तर: ३५० वजा २७ वजा २५, म्हणजे २९८. कार्ड ३०४ मिमीचं. सहा मिलिमीटर कमी पडले, कार्ड बसणार नाही!