शिंजीर, जास्वंद आणि कॅमेरा

फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पिणाऱ्या गुंजनपक्ष्याची छायाचित्रे पाहून, असा पाहुणा आपल्याही बागेत यावा असे कोणासही वाटेल. पण गुंजनपक्षी केवळ अमेरिकेच्या दोन खंडांतच आढळतो. आपल्याकडे त्याची जागा शिंजीर अथवा सूर्यपक्षी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याने घेतली आहे. दोघांचे नाते निकटचे नाही. फुलांतील मधावर जगत आल्यामुळे दोघांच्याही चोची लांब व बारीक झाल्या, इतकेच साम्य.

छत्तीसगढमधील भिलाई येथे पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि प्रांतोप्रांतीची कुटुंबे तेथे वस्तीस आली. त्या नगरातील घरांपुढच्या बागांत जास्वंद, कर्दळ आणि हॅमेलिया फुलली, की जांभळा शिंजीर हजर होतो. त्याची लांबी अवघी दहा सेंटीमीटर. हॅमेलिया हे झुडूप मूळचे अमेरिकेतले. तिकडे त्याच्या नारिंगी फुलांवर गुंजनपक्षी येतात, इकडे शिंजीर.

शिंजीर बहुधा फांदीवर बसूनच मध घेतो आणि त्याच झुडपाकडे पुनःपुन्हा येतो. म्हणून छायाचित्रकाराने पक्ष्याच्या मागे न धावता फूल निवडावे, त्यावर दूरवेधी भिंग रोखावे व दूर स्वस्थ बसावे. शटरची गती सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकी ठेवावी. नराची जांभळी झळाळी ही पिसांतील सूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची किमया आहे. तेव्हा सकाळचा सूर्य आपल्या पाठीशी असावा. तो पक्ष्याच्या मागे असला, तर तोच नर चित्रात नुसता काळा दिसतो. विणीचा हंगाम सरल्यावर नर मादीसारखा फिकट होतो. केवळ गळ्यापासून छातीपर्यंतची काळपट रेघ त्याची ओळख पटविते.

याच हंगामात मोहही मोठा असतो. मादी कोळ्याच्या जाळ्यांनी गुंफलेले, दाराशी छज्जा असलेले झुलते घरटे कित्येकदा व्हरांड्यातच बांधते. चित्र स्पष्ट यावे म्हणून काही जण भोवतालची पाने तोडतात. त्यामुळे पिले उन्हात उघडी पडतात, कावळ्याला घरटे दिसते आणि बिचकलेली मादी ते सोडून जाण्याचाही संभव असतो. ज्या पानांआड ती निर्धास्त बसते, ती पाने आपण राखली पाहिजेत. फुले निष्कलंक दिसावीत म्हणून झाडांवर कीटकनाशक फवारणेही टाळावे. पिलांचे पोषण कीटक व कोळी यांवरच होते.

घरट्यापासून दूर, जास्वंदीपाशी वाट पाहिली तर चित्र मिळतेच. आणि काही आठवड्यांनी त्याच फुलांवर नवी पिलेही येऊ लागतात.