मोरी, कालवा आणि होडी

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या परिसरात पावसात रस्ता कुठे बंद पडेल, हे डांबरापेक्षा ओढ्यावरची मोरी ठरवते. बारामती-इंदापूर हा पट्टा पर्जन्यछायेतला, म्हणून इथल्या ओढ्यांवर बुटके फरशी पूल बांधून काम भागवले गेले. पण अलीकडे पाऊस एका रात्रीत कोसळतो. १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीने पुणे-सोलापूर महामार्गही अडवला. २५ मे २०२५ रोजी, मृग नक्षत्र लागण्याआधीच, बारामतीजवळ पिंपळीला नीरा डावा कालवा फुटला आणि एनडीआरएफच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. मोरीच्या नळ्यात वेड्या बाभळीच्या फांद्या आणि उसाचे पाचट अडकते, पाणी तुंबते, भरावाची माती आतून वाहून जाते. वरचे डांबर मात्र धडधाकट दिसते आणि उसाची भरलेली ट्रॉली आली की खचते. म्हणून नळे एप्रिलमध्येच साफ झाले पाहिजेत, आणि पाटबंधारे व बांधकाम या दोन खात्यांनी कालव्याची पाहणी एकत्रच केली पाहिजे. प्रत्येक फरशी पुलावर पाण्याची खोली दाखवणारा रंगवलेला खांब हवा आणि लाल खुणेला पाणी लागताच रस्ता बंद करण्याचा अधिकार गावातल्याच माणसाला हवा. तालुक्याहून हुकूम येईपर्यंत एसटी पाण्यात शिरलेली असते. जलवाहतुकीलाही हाच नियम हवा. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्याने उलटून सहा जण बुडाले. वाऱ्याचा इशारा आला की होडी काठालाच बांधली पाहिजे, आणि लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही तिच्यात बसू देता कामा नये.